गौड्याच्या मिशा

(नवनगर. सुमंत यांच्या घरची पुढची खोली, दुपार. टेबलावर सरिताचा लॅपटॉप उघडा. तिची आई अनुसया खुर्चीत बसली आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हिरवी पट्टी.)

अनुसया: त्याचं नाव नका घिऊ म्हन्ते मी, अण्णा. दिसाढवळ्या बी नको.

सुमंत: अहो अक्का, हे पुस्तकाचं नाव आहे. ‘वाघीण’. उद्या दुकानात पोरं हेच नाव घेऊन मागणार.

अनुसया: परत घेतलंसा.

सरिता: सर, आमच्या वाड्यावर ते नाव घेत नाहीत. रानात राहायचं, म्हशी रानात चारायच्या. नाव घेतलं की हाक मारल्यासारखं होतं, म्हणतात.

सुमंत: मग तू कधी बोलली नाहीस ते? कव्हरवरची ती भली मोठी अक्षरं तूच रंगवलीस की.

सरिता: घरी मी नुसतं ‘पुस्तक’ म्हणते.

अनुसया: मला सांगती, आई, आपल्यावानी बाई हाय पुस्तकात. उडती बी म्हन. म्या म्हटलं, उडू दे. एसटीत जागा मिळत न्हाई, उडून तरी जाऊ दे.

सुमंत: बघ, अक्कांना कळलं. सरिता, पण आता वेळ घालवू नको. आपला प्रकाशक प्रभंजन हुबळीला छापखान्यात जाऊन बसलाय. तू फाईल पाठवायची, तो मशीनवर चढवणार. दसऱ्याला प्रकाशन. कव्हरवर खाली तुझं नाव, आणि एक ओळ: आदिवासी मुलीच्या हातून उतरलेली आदिवासी सुपरहिरो.

सरिता: ते ‘आदिवासी’ काढा म्हणाले होते ना मी. कागदावर आम्ही अजून नाही. आदिवासींत घ्या ही मागणी कधीची पडून आहे वर.

सुमंत: सरकार देईल तेव्हा देईल. मी देऊन टाकलं.

सरिता: तुमचं कव्हर दाखवून वसतिगृहात जागा नाही मिळत, सर.

सुमंत: आयतु, आयतु, ठीक आहे, काढतो. तेवढंच ना? आता अक्का, तुमच्याकडं माझं एक काम आहे. मागच्या पानावर तुमचा फोटो घालायचाय. पट्टी निघाल्यावर काढू म्हटलं असतं, पण वेळ नाही. तुमचा मागचा एक आहे माझ्या मोबाईलमध्ये.

सरिता: आईचा फोटो? कशाला?

सुमंत: हे तुला आजच सांगणार होतो. फोटोखाली लिहायचंय, ‘अनुसया यांनी सांगितलेली सत्यकथा’. तुझी परीक्षा चालली होती, तेव्हा मी तुमच्या वाड्यावर जाऊन आलो नव्हतो का? रात्री जेवण झाल्यावर अक्कांनी गोष्ट सांगितली. सगळी मोबाईलवर घेतलीय. त्यावरनंच स्क्रिप्ट.

सरिता: तुम्ही तर म्हणाला होता, तुम्हाला सुचली.

सुमंत: सुचलीच की. बी त्यांचं, झाड माझं.

सरिता: आणि मला आज सांगताय.

सुमंत: आनंदाची गोष्ट म्हणून राखून ठेवली होती गं. आधी सांगितलं असतं तर तू प्रत्येक पानाला आईला विचारत बसली असतीस. अक्का, आठवतंय ना? भाकरी आणि ताक दिलं होतंत मला.

अनुसया: ताक दिलं हुतं. गोष्ट कुठली सांगितली ते ध्यानात न्हाई. जेवन झालं की मी बडबडतच असते.

सुमंत: मग आज ऐका, तुमचीच गोष्ट. सरिता, वाच त्यांना. चित्रातलं काय काय ते पण सांग.

सरिता: पहिलं पान. रान आहे, आई, आपल्याकडचं. साग काढलेत मी, ते तुला नीट दिसले असते तर आवडले असते. मधोमध एक बाई उभी आहे. हात असे कमरेवर.

अनुसया: नेसलीया काय?

सरिता: हातात चांदीची कडी आहेत. गळ्यात मण्यांच्या माळा, तुझ्यासारख्या. त्या मी मोजून ओवल्यात.

अनुसया: माळा कळल्या. नेसलीया काय?

सरिता: कातडं.

अनुसया: कशाचं?

सरिता: सर, तुम्ही सांगा.

सुमंत: पट्ट्यापट्ट्यांचं. अक्का, हे बघा, कॉमिक वाचणाऱ्याला एका नजरेत कळायला पाहिजे, ही रानातली. काष्ट्याचं लुगडं नेसवलं तर शनिवारच्या बाजारात लोणी विकायला आल्यासारखी दिसेल.

सरिता: तशीच येते ती.

सुमंत: पिसं काढली ना मी तुझ्यासाठी? तिच्या डोक्यात केवढा तुरा होता.

सरिता: आमच्याकडं पिसं कोंबडीला असतात, सर. पिसं गेली, हाडांची माळ गेली. कातड्यावर तुम्ही अडून बसलात. मग मीच म्हटलं, असू दे.

अनुसया: त्याचं कातडं, अंगावर. बाईमानसाच्या.

सरिता: पुढं वाचते. दुसरं पान. ‘गावाचा जमीनदार गौडा. त्याची नजर रानावर आहे आणि रानातल्या...’

अनुसया: कोन?

सुमंत: गौडा. तुम्हीच म्हणाला होता: गौडा आला, अंगणात उभा राहिला, कुणाच्या तोंडातनं शब्द निघेना.

अनुसया: हां, ती व्हय. आला की. अंगनातच आला.

सरिता: चित्रात तो जीपमधनं उतरतोय, हातात चाबूक घेऊन.

अनुसया: जीप कुठनं आली?

सुमंत: जीप मी घातली. गोष्ट आजच्या काळात आणायची म्हणून.

अनुसया: आनि मिशा? मिशा हायत का?

सुमंत: बघ सरिता, कशी आठवण आहे. हायत की. मिशांवर तर तुम्ही केवढा वेळ बोलला होता. झुपकेदार, पीळ दिलेल्या, कानापर्यंत. एकेक केस हिनं वेगळा काढलाय.

अनुसया: पीळ न्हवता. सरळ हुत्या. तारंगत. पांढऱ्या. चांदन्यात लकाकत हुत्या.

सरिता: आई.

अनुसया: काय?

सरिता: कुठला गौडा?

अनुसया: गौडा गं. किती गौडे हायत रानात?

सरिता: अगं आई गं.

सुमंत: काय झालं? हसतेयस का?

सरिता: हसत नाही, सर. हसत नाही मी. आमच्या वाड्यावर गौडा म्हणजे तो. ज्याचं नाव घेत नाहीत तो. नाव घ्यायचं नाही, तर म्हणायचं काय? मग, गौडा आला, गौडा नाल्यापलीकडं बसलाय. रानाचा मालक म्हणून.

सुमंत: तो म्हणजे कोण?

सरिता: तुमच्या कव्हरवर जिचं नाव आहे ना, तिचा नवरा.

सुमंत: थांब. थांब जरा. अक्का, तुम्ही म्हणाला होता, ‘गौड्यानं मानेला धरलं’. हे शब्द आहेत मोबाईलमध्ये.

अनुसया: मानंलाच धरतो त्यो. आनि कुठं धरनार?

सुमंत: आणि ती? ‘ओली बाळंतीण होती, लेकरू आत होतं, ही दारात आडवी उभी राहिली. रातभर हलली नाही.’ मला त्या रात्री झोप लागली नाही ते ऐकून. ती कोण मग? तुमच्या सासूबाई ना?

अनुसया: सासू? सासू सगळ्यांच्या आधी माळ्यावर चढली असती.

सुमंत: मग गोष्टीत जिला तुम्ही भोरी, भोरी म्हणत होता, ती कोण?

अनुसया: भोरी. म्हस.

सुमंत: म्हैस.

अनुसया: कपाळावर चांद हुता. काळ्या अंगाला भोरं केस, म्हनून भोरी.

सुमंत: म्हशीला कुणी ओली बाळंतीण म्हणतं का हो?

अनुसया: मग काय म्हनू? बाकीच्या व्यात्यात. भोरीला तसं म्हनायला जीभ उचलत न्हाई.

सरिता: मला कसं कळलं नाही. गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय. तुम्ही नावं बदललीत, बाई घातलीत, जीप घातलीत, चाबूक घातलात. घरातली गोष्ट टेबलावर पडली होती आणि मी तिला रंग भरत बसले.

सुमंत: हे बघ, घाबरायचं कारण नाही. शांत डोक्यानं विचार करू. म्हैस होती हे कुणाला ठाऊक आहे? तुम्हा लोकांना. तुमचा वाडा सोडला तर कुणाला नाही. वाचणाऱ्याला दिसणार एक बाई, तिच्यासमोर जुलमी माणूस. यात खोटं काय आहे? जुलमी माणसं नाहीत का?

सरिता: आहेत. पण ही त्यांची गोष्ट नाही.

अनुसया: शेवटाला काय हुतं? त्ये वाच.

सरिता: राहू दे, आई.

अनुसया: वाच म्हन्ते न्हवं.

सरिता: ती त्याला मारते. शेवटच्या पानावर गौडा खाली पडलाय, ती त्याच्या छातीवर पाय देऊन उभी आहे.

अनुसया: गौड्याला मारलं?

सुमंत: खलनायक आहे, अक्का. मारायलाच लागतो. नाही मारला तर पोरं पैसे परत मागतील.

अनुसया: आमच्यात कुनी मारला न्हाई त्याला. उजाडलं, त्यो उठला, नाल्याकडं गेला. भोरी उभीच. मान ह्या अंगाला फाटलेली. वाड्यावरल्या म्हातारीनं हळद चेपली, तवा कुठं बसली. बसली ती परत उठली न्हाई. पारडू जगलं.

सुमंत: आणि त्याचा राग नाही आला कुणाला?

अनुसया: आला की. शिव्या घातल्या. पर मारायचं कशाला? त्याचं पोट त्याला हाय. त्यो गेला, की दुसऱ्या दिवशी लाकूडवाले शिरत्यात रानात. आनि तुमी भोरीला त्याचंच कातडं नेसवलंसा.

सुमंत: मला काय माहीत ती भोरी आहे.

अनुसया: विचारायचं हुतं.

सुमंत: काय विचारणार? ‘बाई की म्हैस’ असं विचारणार होतो का मी?

सरिता: सर, फोन वाजतोय तुमचा.

सुमंत: प्रभंजन आहे. हां, बोल. नाही, अजून नाही पाठवली. एक घोटाळा झालाय. ती हिरोईन आहे ना आपली, ती म्हैस आहे. म्हैस. एम्मे, एम्मे. हौदु, खरंच. चेष्टा नाही करत. आणि गौडा, गौडा तो आपला... जाऊ दे, ते भेटल्यावर सांगतो. मग करायचं काय? हं. हं. बरं, विचारतो.

सरिता: काय म्हणतो?

सुमंत: आधी खूप हसला. मग म्हणतो, पुस्तकाचं नाव बदला, ‘सत्यकथा’ ती ओळ काढा, अक्कांचा फोटो काढा. बाकी आहे तसं सोडा. त्याला बाई पाहिजे, मारामारी पाहिजे. आज फाईल आली तर दसरा. नाही आली तर मशीनवर दुसऱ्याचं पुस्तक चढवणार. आपलं मग कधी, ते काही सांगत नाही.

सरिता: म्हणजे कधीच नाही.

सुमंत: तसं म्हणाला नाही. पण ओळखतो मी त्याला. सरिता, नाव आणि एक ओळ. पाच मिनिटांचं काम आहे. अक्का, तुमचं नाव कुठंही येणार नाही, भोरीचं येणार नाही. मग कुणाचं काय बिघडलं?

सरिता: बेलूरच्या कंपनीतली नोकरी सोडलीय मी याच्यासाठी. आई, तुला सांगितलं होतं, रजा टाकलीय. रजा नाही. सोडली.

अनुसया: ठाव हाय मला.

सरिता: कुणी सांगितलं?

अनुसया: कंपनीची गाडी तिठ्यावर येती, तवा तू निजलेली असतीस. कुनी सांगाया कशाला पायजे.

सरिता: सर, तुम्हाला एक सांगू? शाळेत कन्नड पुस्तकं असायची चित्रांची, नागेशमामा हुबळीहनं मराठी पण आणायचा. मी त्यात आमच्यासारखं कुणीतरी शोधायचे. सापडायचे ते भाले घेऊन शेकोटीभोवती नाचणारे. कुणाच्या तोंडात एक धड वाक्य नाही, नुसतं हू हू. मग शहरातनं एक जण यायचा, त्यांना वाचवायचा आणि जायचा. मी पेन्सिलनं त्या नाचणाऱ्यांतल्या एकीला लुगडं नेसवलं होतं. मास्तरांनी मारलं, शाळेचं पुस्तक खराब केलं म्हणून.

सुमंत: म्हणून तर तुला घेतलं. तुझ्याजागी बेंगळूरचा मुलगा मिळत होता मला.

सरिता: म्हणूनच मी कातड्याला हो म्हटलं. म्हटलं, कातडं तर कातडं. निदान मधोमध उभी आहे. निदान बोलते.

सुमंत: मग तेच आता म्हण. पहिलं पुस्तक असं जाऊ दे, दुसऱ्यात लुगडं नेसव. तिसऱ्यात म्हैस काढ, मी नाही म्हणणार नाही. आधी दार तर उघडू दे.

सरिता: दुसरं पुस्तक हिचंच असेल, सर. हिचंच कातडं, हिचंच नाव. एकदा पोरांनी ओळखलं की ती बदलत नाही. तुम्हीच शिकवलंय मला.

सुमंत: शिकवलं ते आता माझ्याच गळ्यात.

अनुसया: सरे, पाठव.

सरिता: काय?

अनुसया: पाठव म्हन्ते. तुजं नाव येतंय. भोरी काय उठून वाचनार हाय? आमी दोन दिवस हसू, मग इसरून जाऊ. नोकरी सोडलीयास, दिसभर मान मोडून बसतीस. पाठव आनि चल. अळनावरची गाडी चुकंल.

सुमंत: बघ. त्यांनाच काही वाटत नाही, तर तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस?

सरिता: आई, पुस्तक आलं, तर पहिली प्रत तुला देणार मी.

अनुसया: दे की.

सरिता: वाड्यावर दाखवशील? पार्वतीकाकूला, अप्पाजीला?

अनुसया: त्यास्नी कुठं वाचाया येतंय.

सरिता: चित्रं आहेत, आई. चित्रं बघायला वाचायला कशाला यायला पाहिजे. दाखवशील का?

अनुसया: बघू.

सरिता: बघू काय. कुठं ठेवशील ते सांग.

अनुसया: ट्रंकंत ठिवीन. शालूच्या खाली. मळायला नको.

सुमंत: जपून ठेवतील म्हणतात. चांगलं आहे की.

सरिता: सर, आमच्या घरात फळीवर माझी दहावीची मार्कलिस्ट आहे फ्रेममध्ये. गणितात काठावर पास झाले ती. चुलीच्या धुरानं पिवळी पडलीय, पण आलेल्या प्रत्येकाला दाखवते ही. सोसायटीतनं माणूस आला तरी दाखवते. माझी एक वस्तू हिनं आजवर ट्रंकेत ठेवलेली नाही.

अनुसया: तसं न्हवं गं.

सरिता: तसंच आहे. नाही पाठवत मी, सर.

सुमंत: सरिता.

सरिता: चित्रं माझ्याकडं आहेत. तुमची स्क्रिप्ट तुम्ही त्या बेंगळूरच्या मुलाला द्या. मला राग नाही येणार. म्हणजे येईल, पण मी काही करणार नाही.

सुमंत: आणि माझं काय? नवनगरात सगळ्यांना सांगून बसलोय मी. दीपश्रीनं शाळेत मैत्रिणींना वाटायला प्रती मागितल्यात. बापाचं पुस्तक येणार म्हणून पोरगी नाचतेय. मी काही कुणाचं वाईट करायला निघालो नव्हतो.

सरिता: माहीत आहे, सर. तुम्ही वाईट असता तर मी पिसांच्या वेळीच उठून गेले असते.

सुमंत: नुसती म्हैस काढलीस, तर कोण वाचणार? सांग ना. सुपरहिरोला शक्ती लागते काहीतरी. उडणं, आग, वीज. म्हैस काय करणार?

सरिता: मला अजून माहीत नाही. ती त्या रात्री काय करत होती, तेच आधी काढून बघायला पाहिजे.

सुमंत: आणि प्रभंजनला काय सांगू?

सरिता: नाही म्हणून सांगा.

सुमंत: तू सांग. माझ्या तोंडातनं निघायचं नाही.

सरिता: द्या फोन. हॅलो, प्रभंजन सर, मी सरिता. नाही, फाईल नाही येणार. नाही, लाईट आहे. मीच पाठवत नाहीये. हो, कळतंय मला. दसरा गेला, कळलं. नाही, नंतरचं काही सांगू नका, उगीच. ठेवते.

सुमंत: काय म्हणाला?

सरिता: आयतु म्हणाला.

सुमंत: नुसतं आयतु?

सरिता: नुसतं आयतु. मागं मशीन चालू झाल्याचा आवाज आला.

सुमंत: गेलं मग.

सरिता: गेलं.

अनुसया: माझ्यापाई झालं ह्ये. तोंड गप ठिवलं असतं तर बरं झालं असतं.

सरिता: गप ठेवलंस म्हणूनच तर झालं. ‘गौडा, गौडा’ करत बसलीस.

अनुसया: मग काय, नाव घिऊ?

सुमंत: नको, नको. आता मलाही भीती वाटायला लागलीय. चहा करतो मी. अक्का, साखर चालते ना?

अनुसया: चालती. दूध म्हशीचं हाय का पाकिटाचं?

सुमंत: पाकिटाचं.

अनुसया: मग कोराच करा.

सरिता: आई, जरा इकडं तोंड कर. तू सांग, मी काढते. गाडीला वेळ आहे अजून. दार कुठल्या अंगाला होतं?

अनुसया: उगवतीला. आनि त्यो चिंचंखाली.

सरिता: आणि ही अशी आडवी?

अनुसया: जवळ आन, दिसत न्हाई. हां. आडवी, पर डोकं खाली. पाय असं ताठ न्हाई गं, पुढचा एक मागं घेतलेला. मेनकापडावरच्या पेंडीच्या जाहिरातीगत काढू नको.

सरिता: शिंगं?

अनुसया: एक नीट हुतं. डावं खाली वळलेलं, गालाला लागायचं. दर पावसाळ्यात टोक कापाया लागायचं, न्हाईतर रुतायचं. तू दोनी सारखी काढलीस.

सरिता: मला कसं माहीत असणार? मी झाले तरी होते का तेव्हा? तू केवढी होतीस?

अनुसया: मी कुठली. माझी आई बी झाली न्हवती.